मेजर, फटाके आणि माझा गोड आवाज

चहा हातात आलाय ना सगळ्यांच्या? मग आधी घोट गिळून घ्या. हे ऐकताना आमच्या नणंदेला असा ठसका लागला होता की पाठीत गुद्दे घालायला दोन माणसं लागली. आणि हसायचं असेल तर माझ्या तोंडावर हसा बाई. पाठीमागं हसणारे गावात पुष्कळ झालेत!

मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. आमच्याच गावातल्या शाळेत, कोरेगावपासून आठ किलोमीटरवर. गावात आज पन्नाशीच्या आतला असा एकही माणूस नाही, ज्यानं माझ्यासमोर सतराचा पाढा म्हणताना घाम पुसला नाही. मी रस्त्यानं येताना दिसले की मिशावाले बाप्ये तोंडातली तंबाखू थुंकून सरळ उभे राहतात.

राहायचे. आता राहायचे असंच म्हणायला हवं.

आमच्या घरी मेजर आहे. मेजर म्हणजे कुत्रा. आमचा अभिजित फौजेत, त्यानं हे नाव ठेवलं. त्याचा एक दोस्त जतकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्यानं सुट्टीवर येताना पिल्लू आणून दिलं. अभिजित म्हणाला, "आई, ही जात लांडग्याला भीत नाही."

नसेलही भीत! आमच्याकडं लांडगा कधी आलाच नाही, त्यामुळं ते तपासता आलं नाही. पण फुलबाजी? फुलबाजी लांबून दिसली तरी हा पस्तीस किलोचा गडी थरथरायला लागतो. दूध उतू गेलं आणि गॅसवर चर्र झालं, तरी हा कॉटखाली!

तुम्हाला गंमत वाटेल, पण गेल्याच्या गेल्या दिवाळीत गंमत नव्हती. शेजारच्यांनी माळ लावली आणि मेजरनं खिडकीची जाळी फाडून जी उडी टाकली, ती थेट गावाबाहेर. दोन दिवस आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी ऊस, ओढे, माळ पालथे घालत होतो. तिसऱ्या दिवशी चार गावं पलीकडं ऊसतोडीच्या बायकांकडं सापडला. पायाचा तळवा फाटलेला, डोळ्यांत ओळख नाही. त्या बायकांनी आपल्यातली भाकरी त्याला घातली होती.

अभिजितला फोनवर सांगितलं, तर बर्फात उभं राहणारा माझा मुलगा लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. मी म्हटलं, "रडू नको. परत असं होऊ देणार नाही. मी शब्द देते."

मी शब्द दिला की पाळते. म्हणजे, तेव्हा तरी माझा तसा समज होता.

पुढच्या दिवाळीला अजून महिनाभर होता, तोवर गावात विकास सोसायटीची निवडणूक लागली. आठ जागा, दोन पॅनेल, सोळा उमेदवार; एका मतपत्रिकेवर आठच शिक्के, नववा पडला की मत बाद. त्यातले बारा माझे विद्यार्थी. आणि निवडणूक म्हटलं की निकालाला फटाके आलेच. तेही कुठं? मारुतीच्या पारावर. आणि आमचं घर कुठं? पारासमोर! पारावर कुणी जांभई दिली तरी आमच्या माजघरात ऐकू येते.

मी मेजरला घेऊन कोरेगावला जनावरांच्या डॉक्टरकडं गेले. तरुण मुलगी, सांगलीकडची, चुणचुणीत.

"डॉक्टर, याला गुंगीचं काहीतरी द्या."

"गोळी आहे, पण अगदीच गरज पडली तर बघू. आधी सवय लावूया. फटाक्यांचा आवाज मोबाईलवर लावायचा. अगदी बारीक. त्याचा फक्त कान हलला पाहिजे, एवढाच. आणि त्याच वेळी त्याला आवडीचं खायला द्यायचं. दोन-तीन दिवसांनी आवाज एक घर वाढवायचा. घाबरला की परत खाली."

मी वहीत लिहून घेतलं. एक, दोन, तीन असे आकडे घालून.

"आणि निकालाच्या दिवशी?"

"सकाळी लांब फिरवून दमवा. आतल्या खोलीत त्याची जागा करा, खिडकीला गोधड्या लावा. गळ्यात तुमचा नंबर असलेला पट्टा हवाच. तो कॉटखाली गेला तर ओढून काढू नका, तिथं त्याला सुरक्षित वाटतं. आणि तुम्ही शांत, गोड आवाजात बोलत राहा." मग ती जरा घुटमळली. "बाई, राग मानू नका, पण तुमचा आवाज थोडा..."

"थोडा काय?"

"वर्गातला आहे."

आता बघा! बत्तीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची कुणाची छाती झाली नव्हती.

घरी येऊन मी मेजरसमोर बसले आणि माझ्या मते अत्यंत प्रेमानं म्हणाले, "मेजर, घाबरायचं नाही!" मेजर ताठ बसला. त्याच्यामागं पेपर वाचत बसलेल्या आमच्या ह्यांनीही पेपर खाली ठेवला आणि पाय खाली सोडून सरळ बसले.

"तुम्हाला नाही म्हटलं."

"असू दे. सवय हाय," हे म्हणाले.

पण मी नेटानं तयारी केली हं! रोज सकाळ-संध्याकाळ, अभिजितनं दिलेला तो डबीएवढा बिनवायरचा स्पीकर, त्यावर फटाक्यांचा आवाज, आणि हातात उकडलेल्या अंड्याचे तुकडे. पहिल्या दिवशी मेजर अंडं सोडून कॉटखाली. चौथ्या दिवशी अंडं घेऊन कॉटखाली. दहाव्या दिवशी कॉटबाहेर बसून अंडं. पंधराव्या दिवशी स्पीकरवर फट्‌ झालं की हा स्पीकरकडं न बघता माझ्या हाताकडं बघायचा. मला तर शाळेतल्या ढ पोरानं पहिल्यांदा भागाकार सोडवावा तसा आनंद व्हायचा!

राहिला प्रश्न गोड आवाजाचा. डॉक्टरीण म्हणाली होती, तुम्ही घरी नसाल तेव्हासाठी तुमचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा, तेही उपयोगी पडतं.

ते रेकॉर्डिंग मी मतदानाच्या दिवशी संध्याकाळी केलं. मत देऊन आले, चहा घेतला, आतल्या खोलीत गेले आणि दाराला कडी लावली. हो, उगीच ह्यांनी ऐकायला नको! मेजरचं डोकं मांडीवर घेतलं आणि मोबाईल सुरू केला.

आता तुम्हीच सांगा, कुत्र्याशी सलग दहा मिनिटं काय बोलणार? पहिलं एक मिनिट लाडाचं झालं. पुढं सुचेल ते बोलत गेले. डोळे मिटून, मेजरच्या कानामागं खाजवत, गोड सुरात. आवाज गोड पाहिजे होता, मजकुराचं डॉक्टरनं काही सांगितलं नव्हतं. मेजर घोरायला लागला तेव्हा मी थांबले. काय बोलले होते, ते मला दुसऱ्या मिनिटाला आठवतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणी. मोजणी शाळेत, म्हणजे गावाच्या त्या टोकाला. सगळे उमेदवार तिकडं गेटावर. इकडं पारावर मंडपवाल्या बाळूनं आपला भलामोठा साउंड आणून मांडलेला, आणि तो चालू ठेवून स्वतःही शाळेकडं गेलेला. जिंकणारा कुणीही असो, मिरवणूक पारावरनंच निघणार.

मी पहाटेच मेजरला मळ्यापर्यंत फिरवून आणला. गळ्यात नंबरवाला पट्टा. खिडकीला दोन गोधड्या, दाराला एक. कॉटखाली त्याचं आवडतं पोतं. सगळं वहीबरहुकूम! दहा वाजता म्हटलं, आता बाहेर खरं सुरू व्हायच्या आधी आपण थोडी उजळणी घेऊ. अंड्याची वाटी घेतली, डबीचा स्पीकर शेजारी ठेवला आणि मोबाईलवर फटाके लावले. अगदी बारीक.

स्पीकर मुका! आणि त्याच क्षणाला बाहेर पारावर जे सुरू झालं... धडाड! धाड धाड धाड! भिंतीवरचं कॅलेंडर हललं हो! मेजर अंड्यासकट कॉटखाली.

मी घाईनं मोबाईल बंद केला आणि त्याच्याजवळ वाकले. बाहेरचे फटाकेही बंद झाले.

चला, म्हटलं, थोडक्यात आटोपलं. पाच मिनिटं थांबले, मेजर सावरला. पुन्हा मोबाईलवर बारीक आवाजात लावलं. स्पीकर पुन्हा मुका आणि बाहेर पुन्हा धडाड धूम!

मी मोबाईल बंद केला, बाहेर सामसूम. तिसऱ्यांदाही तेच!

आता कुणीही सांगेल, बाई, यात काय कोडं आहे? सहावीतल्या पोराला घातलं असतं तर तोंडी सोडवलं असतं. पण मी काय निष्कर्ष काढला? मी असा निष्कर्ष काढला की माझ्या डबीच्या स्पीकरचं चार्जिंग संपलंय, आणि बाहेर कुणीतरी मुद्दाम माझी खोड काढतंय!

तिकडं शाळेच्या गेटावर काय झालं, ते मला नंतर कळलं. संपत आणि विलास, दोघंही माझेच विद्यार्थी, एकाच बाकावर बसायचे, आता दोन पॅनेलचे दोन म्होरके. पारावरनं फटाक्यांचा आवाज आल्याबरोबर संपतच्या माणसांना वाटलं, आतली बातमी कुणाच्या तरी फोनवर फुटली, आपण निवडून आलो! त्यांनी संपतला गुलालात बुडवला आणि खांद्यावर घेतलं. दुसऱ्या धडाक्याला विलासच्या माणसांना वाटलं, हे फटाके आपले! त्यांनी विलासला उचललं. तिसऱ्या धडाक्याला दोन्ही मिरवणुका पारावर समोरासमोर येऊन भिडल्या.

आणि त्याच वेळी मी तणतणत अंगणात आले.

"कोण वाजवतंय फटाके? मुक्या जनावरांचा काही विचार आहे की नाही?"

दोन खांद्यांवरनं दोन लाल तोंडं माझ्याकडं वळली. संपत म्हणाला, "आवं बाई, आमी न्हाई वाजवलं! ह्या विलाशाच्या पोरांनी वाजवलं."

विलास ओरडला, "खोटं बोलतोय बाई त्यो! आमची माळ अजून पिशवीत हाय, ही बघा!"

"म्हंजे फटाकं न वाजताच आमी गुलाल टाकला व्हय रं?"

"निवडून आमी आलोय, तू कशाला गुलाल घेतलास?"

झालं! खांद्यावरच्यांनी खांद्यावरच्यांच्या कॉलरी धरल्या. खालचे खालच्यांना भिडायला लागले. तेवढ्यात सोसायटीचा शिपाई शाळेकडनं धापा टाकत आला. "उतरवा! खाली उतरवा त्यांना! सात जागा लागल्या, आठव्या जागंला संपतराव आन विलासराव, दोघांस्नी सारखी मतं! दोनदा मोजली सायबांनी. आन एक मत बाद हाय!"

"एकच बाद?"

"सगळ्या गावात एकच!"

आणि मग दोन्ही बाजूंनी एकाच सुरात आवाज उठला, "कुठल्या गाढवानं बाद केलं त्ये?"

ते गाढव शोधून काढायचं, यावर दोन्ही पॅनेलचं एकमत झालं. पण ते कुणाच्या गल्लीतलं, यावर पुन्हा जुंपली. बाह्या सरसावल्या. विलासच्या एका माणसानं पायातलं पायताण हातात घेतलं. मला खरंच धास्ती वाटली. ही माझीच पोरं, आणि आता डोकी फुटणार! पण आत मेजर विव्हळायला लागला.

"काय भांडायचं ते हळू भांडा!" मी ओरडले आणि आत पळाले.

मेजर कॉटखाली भिंतीला चिकटून थरथरत होता. माझा स्वतःचा आवाज तर त्या वेळी गोड निघणं शक्य नव्हतं. म्हटलं, आदल्या दिवशीचं रेकॉर्डिंग कामाला येईल. ते लावलं. डबीचा स्पीकर मुकाच. म्हटलं, मोबाईलचाच आवाज वाढवू. पार वरपर्यंत वाढवला, मोबाईल मेजरजवळ कॉटखाली सरकवला.

मोबाईलमधून काही ऐकू येईना. पण बाहेर मात्र चमत्कार झाला! एवढा शेदोनशे माणसांचा गलका, तो एकदम थांबला. टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांतता.

मी मेजरला हळूच म्हटलं, "बघितलंस? बाईंनी एकदा सांगितलं की झालं."

मग गोधड्यांमधनं गाळून कुण्या बाईचा आवाज आला. लाडिक, लाडिक म्हणजे किती! "अले माझं शोनुलं ते! अले माझी दुधावलची शाय ती! कोण भितंय? कोणीच नाई भीत!"

शी! मला अंगावर काटा आला. कोण ही बया चारचौघांत असलं बोलते? काही लाजलज्जा?

पण इकडं मेजरची थरथर कमी झाली. त्यानं मान खाली टाकली, एक सुस्कारा सोडला, आणि अंग पसरून झोपला. मोबाईलवर! म्हणजे पस्तीस किलोचं धूड, आणि त्याच्याखाली माझा मोबाईल.

तेवढ्यात गोधडी बाजूला करून आमचे हे आत आले. चेहरा असा की घरात काहीतरी अशुभ घडलंय.

"अगं, तो फोन बंद कर."

"का? किती छान झोपलाय."

"तू बाहेर लागलीयेस."

"म्हणजे?"

ह्यांनी गोधडी आणखी बाजूला केली. आणि बाळूच्या त्या माणूसभर उंच साउंडमधून, अख्ख्या गावावर, माझा आवाज आला: "आणि तो संपत आहे ना शोनुल्या, त्याला तर मुळीच भ्यायचं नाही. सातवीत मी फळ्याजवळ बोलावलं तर त्यानं पोटात दुखतंय म्हणून जमिनीवर लोळण घेतली होती!"

बाहेर हशा उसळला.

"आणि विलास? पेपरात संपतचं नाव सुद्धा कॉपी केलं होतं त्यानं!"

पुन्हा हशा, पहिल्यापेक्षा मोठा.

मी कॉटखाली घुसले. पोटावर! साठी उलटलेली बाई, कॉटखाली पोटावर! मेजरच्या अंगाखाली हात घातला, बोटं मोबाईलला लागली, पण मोबाईल निघेना. मेजरला उठवावं, तर तीन आठवड्यांची मेहनत! इतक्या गोंगाटात तो पहिल्यांदाच शांत झोपला होता. अभिजितला दिलेला शब्द डोळ्यांपुढं. नाही उठवलं त्याला. मी तशीच पडून राहिले आणि स्वतःचं बोलणं स्वतः ऐकत राहिले. आता कुठं मला आठवायला लागलं की पुढं काय आहे.

"मत कुणाला दिलं, सांगू? कुणाला सांगायचं नाही हं! संपतला म्हटलं होतं तुलाच देणार, विलासला म्हटलं तुलाच देणार. म्हणून दोघांनाही दिलं!"

बाहेर "ऑऑ!" असा आवाज.

"मग पोल्ट्रीवाल्याला दिलं, तो अंडी आणून देतो तुझ्यासाठी. मग गिरणीवाले. मग डेअरीचा बबन..."

आणि बाहेर, देवाशपथ सांगते, बाहेर अख्खा गाव मोठ्यानं मोजायला लागला! मीच शिकवलंय ना त्यांना, बोटांवर मोजताना तोंडानं म्हणायचं म्हणून! "चार!... पाच!"

"मग गॅरेजवाला, पाटलांचा थोरला..."

"सहा!... सात!"

"ट्रॅक्टरवाला..."

"आठ!"

"आणि माळावरचे अण्णा, त्यांना कुणीच देणार नाही म्हणून. झाले बरोबर आठ! किती सोपं असतं की नाही गणित, शोनुल्या?"

"नऊऊऊ!" अख्खा गाव एका सुरात ओरडला. "बाई, नऊ झालं! नऊ!"

मेजरनं एक डोळा उघडला, माझ्याकडं बघितलं, आणि मिटला.

शेवटी ह्यांनी बाळूच्या साउंडचीच वायर उपटायला लावली. बाळू दारात येऊन म्हणाला, "बाई, झेंडावंदनाला तुमी गाणी लावायला तुमचा फोन जोडलावता न्हवं? त्येला वळख ऱ्हायली. मघाचं फटाकंबी तुमचंच असणार!"

म्हणजे संपतला गुलाल मी टाकला होता. विलासलाही मीच.

मी कॉटखालनं निघाले, पदर झटकला आणि बाहेर गेले. म्हटलं, जे होईल ते होवो. पारावर बघते तर काय, भांडण कुठल्या कुठं! मघाशी ज्याच्या हातात पायताण होतं तो माणूस पोट धरून खाली बसलेला. संपत आणि विलास एकमेकांच्या खांद्याला धरून हसतायत, डोळ्यांतल्या पाण्यानं तोंडावरच्या गुलालाचे ओघळ झालेले.

मी काय करावं? मी गणित समजावून सांगितलं! "हे बघा, माझं मत बाद झालं नसतं तरी काही फरक पडला नसता. मी दोघांनाही दिलं होतं, दोघांचं एकेक वाढलं असतं. पुन्हा सारखंच!"

"पर बाई," विलास डोळे पुसत म्हणाला, "मला एकट्याला देणार म्हनला हुता की!"

"मलाबी!" संपत म्हणाला.

हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आत चल. तू बाहेर जितकी बोलशील, तितकी बाद होशील."

दुपारी साहेबांनी चिठ्ठी काढली. विलासची निघाली. म्हणजे संपत सकाळी गुलालात न्हाला तो फुकटच! पण तो मनाचा मोठा. स्वतः येऊन त्यानं विलासला हार घातला. विलासच्या माणसांनी पिशवीतली ती मघाची माळ काढली, पारापासून थेट आमच्या फाटकापर्यंत अंथरली. मी दारात दोन्ही हात पसरून उभी.

विलासनं माझ्याकडं बघितलं. मग माळ लावायला वाकलेल्या माणसाला म्हणाला, "उचल ती. वढ्यापलीकडं माळावर न्या. बाईंचं कुत्रं झोपलंय."

माळावर उडाले फटाके. लांबून, ढोलावर टिचक्या मारल्यासारखे. मेजर जागा झाला. एक कान उभा केला. मी अंड्याचा तुकडा पुढं धरला. त्यानं माझ्याकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, अंडं खाल्लं, आणि दुसऱ्या तुकड्यासाठी पंजा पुढं केला. काय सांगू! मी त्याच्या गळ्यात पडून रडले. आणि त्याच महिन्यात दिवाळीही झाली. चारही दिवस मेजर आतल्या खोलीत, पोत्यावर, अंडी खात! जाळी शाबूत, पाय शाबूत. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या इतक्या खूश झाल्या की म्हणाल्या, ते रेकॉर्डिंग मला पाठवा, बाकीच्यांनाही ऐकवते. मी म्हटलं, पाठवायची गरज नाही, तालुक्यात कुणालाही विचारा.

खरंच! त्या दिवशी पारावरच्या निम्म्या माणसांनी ते मोबाईलवर घेतलं होतं. बाजारापर्यंत गेलं, कोरेगावला गेलं, आणि कुठनं कसं फिरत फिरत अभिजितपर्यंत पोचलं.

रविवारी त्याचा फोन आला. मला वाटलं, चिडवणार. पण त्यानं नेहमीसारखी मेजरची चौकशी केली. मग म्हणाला, "आई, एक विचारू?"

"विचार."

"तू मला लहानपणी असं कधी बोलली नाहीस गं. मला कायम, 'अभिजित, हातपाय धू,' 'अभिजित, पाढे म्हण.'"

खरंच होतं ते. घरात आणि वर्गात माझा एकच आवाज. हे पेपर बाजूला ठेवून माझ्याकडं बघत होते. मी खोलीचं दार लोटलं, फोन अगदी तोंडाशी धरला, आणि तीस वर्षांची थकबाकी एकदम बाहेर काढली.

"अले माझ्या लाजा! माझं शोनं ते! माझं बाळ किती दमतं! जेवलास का ले पिल्ला?"

आणि मग, पलीकडं स्पीकरवर ऐकत बसलेल्या अख्ख्या बराकीतनं पंजाबी, तमिळ, बिहारी, कुठले कुठले तीस-चाळीस दणदणीत बाप्ये आवाज एकदम आले:

"हाँ माताजी, खा लिया!"